पहिली ते बारावी: पालकांनी कधी काय धरायचं, कधी काय सोडायचं?

रफवही

जूनमध्ये शाळा उघडल्या की इथे दरवर्षी दोन प्रश्न ठरलेले. "पहिलीतल्या मुलाचा रोज किती वेळ अभ्यास घ्यावा?" आणि "नववीतली मुलगी वहीला हात लावू देत नाही, काय करू?" दोघांनाही उत्तर एकच मिळतं: लक्ष द्या. लक्ष द्या म्हणजे नक्की काय करा, ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळा धरून लिहूया. विनंती एकच. "आमच्या वेळी" नको आणि "आमच्या पिंट्याने" तर नकोच. काय करायचं, किती वेळ, कुठे बिघडतं, एवढंच.

माझा ढोबळ हिशोब असा: पहिली-दुसरीला शेजारी बसायचं. तिसरी-चौथीला त्याच खोलीत असायचं, पण आपलं काम करत. पाचवी ते सातवीला अभ्यास झाल्यावर बघायचं. आठवीपासून बोलावलं तरच वहीत डोकं घालायचं. दहावीच्या आसपास पालकांचं काम वहीतून उठून कागदपत्रांच्या फायलीत जातं, आणि तिथे ते चांगलंच वाढतं. बहुतेक घरांत उलटं होतं: वही सुटत नाही आणि फाईल उघडली जात नाही.

वेळेबद्दल: २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज तासभर, नववीपासून रोज दोन तास. तिसरीचं बाळ रोज दोन तास बसत असेल तर ते सहावीच्या मुलाच्या दुप्पट बसतंय.

---

पाटीपेन्सिल

पहिली-दुसरीबद्दल लिहिते. इथे पालकांनी खरोखर शेजारी बसायचं असतं, पण लिहून घ्यायला नाही, वाचन ऐकायला. रोज दहा ते बारा मिनिटं. त्याहून जास्त नको, पण रविवारीही चुकवू नका.

पहिली पायरी: मूल वाचतंय की पाठ म्हणतंय ते तपासा. धड्यातलं चित्र हाताने झाका आणि शेवटच्या ओळीतला मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवा. वाचणारं मूल तो शब्द जोडून जोडून का होईना, सांगेल. पाठ केलेलं मूल ओळ पहिल्यापासून गुणगुणत त्या शब्दापर्यंत येईल. असं दिसलं तर घाबरू नका, फक्त त्याच पुस्तकावर न थांबता न पाहिलेला मजकूर द्या. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, एसटीवरची गावाची पाटी, काहीही चालतं.

दुसरी पायरी: अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. तरी नाही आलं तर पहिलं अक्षर तेवढं म्हणा. शब्द जुळला की पूर्ण वाक्य पुन्हा वाचायला लावा, नाहीतर तुकडे हातात राहतात आणि अर्थ निसटतो.

तिसरी पायरी: चूक कुठल्या जातीची आहे ते आठवडाभर टिपून ठेवा. जाती मोजक्याच आहेत.
– सारखी दिसणारी अक्षरं: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, आणि 'ख' ला 'रव' वाचणं.
– मात्रा: एक की दोन (के-कै, को-कौ).
– रफार: 'सूर्य' मध्ये रफार दिसतो 'य' वर, पण उच्चार 'य' च्या आधी. मूल डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने वाचतं. त्याला "रफार उडी मारून आधी येतो" एवढं सांगून दहा शब्द द्या: वर्ग, गर्दी, पर्वत, दर्शन, असे.
– 'र' ची बाकीची रूपं: क्रम, ट्रक, सुऱ्या. ही एकाच दिवशी घेऊ नका, गोंधळ होतो.

तिसरीत गेल्यावरही जोडाक्षराला मूल थबकत असेल तर इतिहास-भूगोलाचा अभ्यास घेण्यात अर्थ नाही. तो विषय अडत नाहीये, वाचन अडतंय.

---

मधलीसुट्टी

वाचतेय, छान धागा. प्रश्न असा की दोघं नोकरी करणारे, घरी यायला साडेसात-आठ होतात, तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं. ही दहा मिनिटं बसवायची कुठे?

---

पाटीपेन्सिल

@मधलीसुट्टी, सकाळी. २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा नियम आहे, त्यामुळे खालच्या वर्गांना सकाळची थोडी जागा मिळाली आहे. डब्याची गडबड असली तरी पोळ्या लाटताना वाचन ऐकता येतं, कारण तुम्हाला पुस्तक दिसायची गरज नाही. वाक्याचा अर्थ लागला नाही की कान सांगतोच. आजी-आजोबा घरी असतील तर हे काम त्यांना द्या. त्यांना वाचता येत नसलं तरी चालतं: मूल वाचेल, आजी "मग पुढे काय झालं?" विचारेल. संध्याकाळी फक्त दप्तर भरणं ठेवा, तेही मुलाने भरायचं.

---

हातचा_एक

गणितात पालकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्तर चुकलं की खोडून पुन्हा करायला लावणं. चुकलेलं उत्तर हा पुरावा आहे, खोडरबर लावण्याआधी वाचा.

उदाहरण घ्या: ४०२ वजा १६७. बरोबर उत्तर २३५.

मुलाने ३६५ लिहिलं तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय: ७ मधून २, ६ मधून ०, ४ मधून १. म्हणजे वरचा-खालचा अंक हा भेदच त्याला कळलेला नाही. त्याला रीत पुन्हा सांगून उपयोग नाही. नाणी-नोटा घ्या: शंभराच्या ४, एक रुपयाची २ नाणी, आणि "मला १६७ दे" म्हणा. देता येत नाही हे हाताला कळलं की शंभराची मोड करावी लागते, मग दहाची.

उत्तर २४५ आलं तर मोड केली, पण दशकाच्या घरातून एक गेला हे विसरला. तिथे ९ ऐवजी १० च धरले.

उत्तर ३३५ आलं तर शतकाची मोड केली, पण वर ४ चे ३ करायचे राहिले.

तीन चुका, तिन्हीची औषधं वेगळी. शेवटच्या दोन्हींत समज ठीक आहे, लिहिण्याची शिस्त नाही. वर बारीक अंक लिहून जुना अंक तिरक्या रेघेने छाटायची सवय लावली की आठवड्यात सुटतं. पहिल्या चुकीला मात्र महिना लागतो. मधलं शून्य असलेली उदाहरणंच द्या (५०३, ७०१, ६००), बाकीच्यांत ही चूक लपून राहते.

पाढे: तीसपर्यंत पाठ असणं उत्तम, पण सातवीला नडतात ते ६, ७, ८ चे आणि १२ ते १९ चे. ओळीने म्हणवून घेऊ नका, मधूनच विचारा. "सात आठे?" ला तीन सेकंदांत उत्तर आलं तर पाढा येतो. "सात एके सात" पासून सुरुवात केली तर चाल येते.

---

खडूचा_तुकडा

पाढ्यांवरून आठवलं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ! पण त्यामागची अडचण खोटी नाही. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. त्यामुळे २५ चं ५२ होतं. ऐकून संख्या लिहिताना मूल एकक आधी आणि मग त्याच्या डावीकडे दशक लिहीत असेल तर ते कानाप्रमाणे लिहितंय. दोन्ही शब्द सांगा, भांडण पुस्तकवाल्यांना करू द्या.

---

निळीशाई

पाचवीवर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, कारण खरा सांधा इथे आहे.

चौथीपर्यंत बहुतेक शाळांत एकच बाई किंवा गुरुजी. पाचवीला मूल हायस्कुलात गेलं की सात-आठ शिक्षक, प्रत्येकाची वही वेगळी, तास बदलला की माणूस बदलतो. अनेक ठिकाणी सेमी-इंग्रजीही इथेच सुरू होतं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मुलाला 'अपूर्णांक' येतो पण 'न्यूमरेटर' कुठला ते कळत नाही, आणि घरचे म्हणतात गणित कच्चं झालं. उपाय साधा: वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द. रोज येतील तेवढे, तीन-चार. ही यादी मुलाने स्वतः लिहायची.

पाचवीच्या पहिल्या सत्रात पालकांनी तीन गोष्टी शिकवून हात काढायचे आहेत.

पहिली, वेळापत्रकाप्रमाणे दप्तर रात्री भरणं. जूनमध्ये शेजारी उभं राहायचं, जुलैमध्ये फक्त विचारायचं, ऑगस्टपासून विचारायचंही नाही. एखादी वही राहिली तर राहू दे. शाळेत नेऊन देऊ नका, शिपाईमामांच्या टेबलावर अशा वह्या-डब्यांचा ढीग असतो.

दुसरी, गृहपाठ वर्गातच लिहून घेणं. प्रत्येक विषयाच्या वहीत नाही, एकाच छोट्या डायरीत: विषय, काय, कधीपर्यंत.

तिसरी, मोठं काम फोडणं. शुक्रवारी द्यायच्या भूगोलाच्या नकाशाचा कागद सोमवारी आणणं, मंगळवारी बाह्यरेषा, बुधवारी नावं, गुरुवारी रंग. पहिल्या दोन वेळा सोबत बसून फोडून द्या. तिसऱ्या वेळी त्याने फोडायचं आणि तुम्ही बघायचं.

पालकसभेला "अभ्यासात कसा आहे?" विचारलं की "ठीक आहे, थोडं लक्ष द्या" एवढंच मिळतं. रांगेत तीस पालक उभे असतात, शिक्षक तरी काय सांगणार? नेमकं विचारा: कुठली वही अपुरी आहे? समजलं नाही तर हात वर करतो का? चुका कुठल्या धड्यात जास्त आहेत? हे तीन प्रश्न दोन मिनिटांत होतात.

---

मधलीसुट्टी

गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतोच की. मग डायरी कशाला?

---

निळीशाई

त्यासाठीच, ताई. फळ्यावरून गृहपाठ उतरवणारं मूल आणि "आई बघेल ग्रुपवर" म्हणणारं मूल, यांच्यातला फरक सातवीपर्यंत दिसत नाही. नववीत दिसतो. ग्रुप ठेवा, पण सुट्टीची सूचना, सहलीचे पैसे, बसची वेळ यासाठी. गृहपाठ विसरला तर त्याने स्वतः एका मित्राला फोन करायचा. तुम्ही ग्रुपवर "आजचा मॅथ्स होमवर्क कोणी टाका ना प्लीज" लिहायचं नाही. रात्री साडेदहाला तर मुळीच नाही!

---

खडूचा_तुकडा

अनुमोदन. आणि प्रकल्प! आठवीपर्यंत मूल्यमापनाचे दोन भाग असतात. आकारिक म्हणजे वर्षभराचं काम (तोंडी, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या) आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे वर्ग वाढेल तसा परीक्षेचा वाटा वाढत जातो. खाली प्रकल्पाचे गुण भरपूर, म्हणून पालक रात्री जागून थर्माकोलचा रायगड कापतात. वर गेल्यावर ते गुण आटतात आणि प्रगतिपुस्तकातली श्रेणी घसरते. मूल तेवढंच असतं, फक्त पालकांचे गुण वजा झालेले असतात.

प्रगतिपुस्तक वाचताना फक्त 'अ-२' बघू नका. आकारिक आणि संकलित वेगळे मागून बघा. आकारिक ४५ आणि संकलित २२ असेल तर लेखी उत्तरं लिहिण्यात अडचण आहे. उलटं असेल तर वह्या अपुऱ्या आहेत.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते. राहिलं तर पुरवणी, तीही राहिली तर त्याच वर्गात. "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" हे जुनं झालं.

---

हातचा_एक

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला होती, २०२५-२६ पासून परत चौथी-सातवीकडे वळली. रचना तीच: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. दीड तासात ७५ म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पालकांचं काम इथे घड्याळ लावण्याचं आणि उत्तरपत्रिकेची गोल रंगवायची पाने छापून आणण्याचं. मुलं प्रश्न सोडून पुढे जातात आणि गोल मात्र सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीत रंगवतात, मग तिथून पुढचं सगळं एक घर सरकतं. दर दहा प्रश्नांना क्रमांक जुळवायची सवय लावा. वरच्या वर्गाच्या परीक्षेत काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात, दोन्ही रंगवले तरच गुण.

आठवीला एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) विसरू नका. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, अभ्यास होतो पण दाखल्यावाचून अर्ज राहतात.

---

उत्तरपत्रिका

आठवीनंतर घरात अभ्यास 'घेणं' थांबवायला हवं, यावर सगळे मान डोलावतील आणि दहावीला पुन्हा शेजारी बसतील. :) नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांवरच्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठात मदत करणाऱ्या पालकांचा मुलांच्या यशाशी संबंध उणे निघाला. शिक्षणाबद्दल बोलणं, अपेक्षा सांगणं, पुढच्या वाटा दाखवणं याचा संबंध सगळ्यात जास्त. आता यात मेख आहे: मूल मागे पडतं म्हणूनच पालक मदतीला बसतात, त्यामुळे उणे आकडा मदतीमुळे असं सरळ म्हणता येत नाही. पण या वयात पालकाने सोडवून दिलेल्या गणिताचा उपयोग नाही, एवढं वर्गात रोज दिसतं.

मग करायचं काय? नववीपासून गणिताचे दोन भाग होतात, दोन पुस्तकं, ४० गुणांचे दोन स्वतंत्र पेपर, प्रत्येकी दोन तास. आठवीच्या श्रेणीत झाकलेलं इथे गुणांत उघडं पडतं, आणि नववीत नापास करतात. सहामाहीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी येतील तेव्हा ओरडू नका, मुलाबरोबर बसून गेलेल्या प्रत्येक गुणाचा एक ढीग ठरवा.

ढीग एक: आलंच नाही. धडा पुन्हा समजून घ्यायचा, शिक्षकांकडून.
ढीग दोन: येत होतं पण गेलं. चिन्ह चुकलं, एकक लिहिलं नाही, भूमितीत विधान लिहिलं आणि कारण लिहिलं नाही.
ढीग तीन: वेळ पुरला नाही.

यासाठी पालकाला गणित यावं लागत नाही, मूल सांगतं आणि तुम्ही बेरीज करता. बहुतेकदा ढीग दोन सगळ्यात मोठा निघतो आणि घरचे मात्र ढीग एक समजून नवा क्लास लावतात. ढीग तीनला क्लासने काहीच होत नाही. दर रविवारी सकाळी अकराला घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग दोन तासांचा एक पेपर, इतकाच उपाय.

दहावीच्या गणिताच्या पेपरात कृती म्हणजे चौकटी भरायचे प्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नात ४ आणि तिसऱ्यात ३ गुणांचे, म्हणजे एका पेपरात ७. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचून न सोडता हाताने लिहिली तर हे ७ हातचे आहेत.

---

खडूचा_तुकडा

@उत्तरपत्रिका, थोडा असहमत. "बोलावलं तरच" हे समजूतदार मुलांना ठीक. नववीतलं मूल अडलं तरी बोलावत नाही, लपवतं. दारं बंद करून चार तास 'अभ्यास' चालतो आणि प्रकरण एकही पुढे सरकत नाही.

---

उत्तरपत्रिका

बरोबर, म्हणून तास मोजू नका, पुरावा मागा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं. "या आठवड्यात काय नवीन सोडवलंस ते दाखव" एवढंच. सोडवलेली पानं असतील तर बोलणं संपलं. सलग दोन आठवडे पानं नसतील तर वर्गशिक्षकांना भेटा, तेही मुलाला सांगून, त्याच्या नकळत नको. रोज रात्री चौकशी केली तर खोटं बोलायचा सराव तेवढा होतो.

---

पाटीपेन्सिल

एक महत्त्वाचं राहतंय. कष्ट करूनही वाचन-लेखन किंवा आकडेमोड अडत असेल तर डोळे आणि कान तपासा, आणि तरीही कारण सापडलं नाही तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करा. मुंबईत शीव, नायर, केईएम, पुण्यात ससून अशा सरकारी-पालिका रुग्णालयांचं प्रमाणपत्र लागतं. मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, काहींना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय, अशा सवलती मिळतात. गडबड होते ती वेळेची. चाचण्यांना एकाहून जास्त फेऱ्या लागतात, नंबर लागायला वेळ जातो, आणि पालक दहावीच्या दिवाळीत जागे होतात. सातवी-आठवीतच उरका.

---

जनरल_रजिस्टर

आता फायलीकडे येतो. शाळेच्या कार्यालयात जे रोज टेबलावर येतं ते लिहितोय.

नाव. पहिल्या प्रवेशाला जनरल रजिस्टरला जे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात नोंदली जाते तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं. चूक असेल तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच दुरुस्त होते. शाळा सुटल्यावर फार अवघड. म्हणून चौथी, सातवी आणि नववी, तीनदा कार्यालयात जाऊन नोंद डोळ्यांनी बघा. आधार, जन्मदाखला आणि रजिस्टर या तिन्हींत नाव अक्षरशः एकच हवं.

आधार. पाच वर्षं आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. पंधरावं वर्ष नेमकं नववी-दहावीत येतं. राहिलं तर पुढे प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर ठसे जुळायला त्रास.

दहावीचा फॉर्म भरल्यावर मंडळाकडून शाळेला प्री-लिस्ट येते. ती मुलाला सही करायला देतात आणि मूल न वाचता सही करतं. मागून घ्या आणि बघा: इंग्रजी स्पेलिंग, देवनागरीतलं नाव, आईचं नाव, माध्यम, विषय, प्रवर्ग. दोन मिनिटांचं काम आहे. हीच चूक प्रमाणपत्रावर आली की मंडळाच्या विभागीय कार्यालयाच्या फेऱ्या.

चित्रकलेची इंटरमिजिएट किंवा खेळाचे वाढीव गुण आपोआप लागत नाहीत. प्रमाणपत्र शाळेत द्यायचं, शाळा मुदतीत प्रस्ताव पाठवते.

निकालानंतर गुण कमी वाटले तर आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. छायाप्रत मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत अर्ज करायचा. या दिवसांत अकरावीची प्रक्रिया चालूच असते.

अकरावी. २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन. भाग एकमध्ये माहिती, भाग दोनमध्ये पसंती, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे एक नंबरला "बघू, लागलं तर" म्हणून नाव टाकू नका. गेल्या वर्षीचं कट-ऑफ बघताना प्रवर्ग, शाखा, माध्यम आणि अनुदानित-विनाअनुदानित, चारही जुळवून बघा. अंतर, एसटीची वेळ आणि फी पालकांनी सांगावी, क्रम मुलाने लावावा.

---

मधलीसुट्टी

जात वैधतेचं, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं, पण लिहा ना. बारावीनंतर बघू म्हणतात सगळे.

---

जनरल_रजिस्टर

बारावीनंतर बघितलं तर हातात नुसती अर्जाची पावती घेऊन प्रवेशाच्या रांगेत. अकरावीत अर्ज करा, कॉलेजच्या शिफारशीसह, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे (अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या). ऑनलाइन भरून छापील प्रत आणि कागद जमा करायचे.

मुख्य पुरावा वडिलांकडच्या नात्यातला आणि ठराविक तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी). वडील, काका, आत्या यांपैकी कोणाकडे वैधता असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, खूप सोपं होतं.

नॉन-क्रिमीलेअर वेगळं काढायचं, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. दहावीला काढलेलं बारावीला बाद निघू शकतं, तारीख बघा. अधिवासाचा दाखला मात्र एकदाच, तो दहावीच्या सुट्टीत काढून टाका.

---

मधलीसुट्टी

आणि आजोबांची शाळाच बंद पडली असेल तर?

---

जनरल_रजिस्टर

जिल्हा परिषदेची असेल तर रजिस्टर जवळच्या शाळेत किंवा केंद्रशाळेत गेलेलं असतं, तिथे नसेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. अर्जात गाव, नाव आणि अंदाजे जन्मसाल द्या, आणि त्या सालाच्या आधीची-नंतरची पाच-पाच वर्षं बघायला सांगा, कारण शाळेत घातलेली जन्मतारीख बहुधा १ जून असते आणि खरी नसते. आडनावाने शोधू नका, जुन्या नोंदीत नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. नोंद मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाच्या साक्षांकित नकलेसोबत जोडा, नुसतं लिप्यंतर देऊ नका.